बासष्ट डॉलरांचा संसार

अमेरिकेतील दूरदर्शन म्हणजे मक्तेदारांच्या मालाचे दुकान आणि त्यावरील विनोदी कार्यक्रम म्हणजे त्या दुकानाच्या दारात गिऱ्हाईक जमवणारा विदूषक, असे एक समीकरण डाव्या वर्तुळांत पुष्कळदा मांडले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. विदूषकाला गिऱ्हाईक जमवायचे असेल तर त्याला गिऱ्हाइकाच्या घरातली गोष्ट सांगावी लागते आणि घरातली गोष्ट सांगू लागले की पगार, भाडे व बेकारी ही मंडळी न बोलावता येऊन बसतात. सीबीएस या कंपनीने १ ऑक्टोबर १९५५ ते २२ सप्टेंबर १९५६ या काळात प्रक्षेपित केलेल्या ‘द हनीमूनर्स’ या मालिकेच्या बाबतीत नेमके हेच घडले. भाग अवघे ३९. पण पुढची कित्येक दशके ते अमेरिकेत पुनःपुन्हा दाखवले गेले.

मालिकेचे कथानक दोन शेजाऱ्यांचे आहे. राल्फ क्रॅमडन हा न्यूयॉर्कच्या मॅडिसन अॅव्हेन्यूवर ‘गॉथम बस कंपनी’ची बस चालवतो. त्याच्या वरच्या मजल्यावर राहणारा एड नॉर्टन शहराच्या भुयारी गटारांत उतरून काम करतो. राल्फची बायको अॅलिस, नॉर्टनची बायको ट्रिक्सी. एवढ्या चार माणसांवर सारा डोलारा उभा आहे. ब्रुकलिनमधील या घराचा पत्ता ‘३२८ चॉन्सी स्ट्रीट’ असा दिला जातो आणि तो कल्पित नाही. राल्फची भूमिका करणारा जॅकी ग्लीसन लहानपणी त्याच पत्त्यावर राहिला होता. तो नऊ वर्षांचा असताना बाप घर सोडून निघून गेला. आईने भुयारी रेल्वेच्या तिकीट-खिडकीवर बसून मुलाला वाढवले. त्या खोलीत काय असते आणि काय नसते हे त्याला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

खोलीत एक टेबल, दोनचार खुर्च्या, एक कपाट, शेगडी, मोरी आणि बर्फाची लादी ठेवून थंड करण्याची जुनी पेटी. टेलिफोन नाही. विजेवर चालणारे शीतकपाट नाही. ज्या वर्षी अमेरिकी जाहिरातदार साऱ्या जगाला सांगत होते की आमच्या कामगाराच्या घरी सर्व यंत्रसुखे पोचली आहेत, त्याच वर्षी त्यांच्याच पडद्यावर ही खोली दर आठवड्याला दिसत होती. पहिल्याच भागात अॅलिस दूरदर्शन-संच मागते, कारण दिवसभर त्याच चार भिंती पाहून ती कंटाळली आहे. राल्फ आणि नॉर्टन मिळून अर्ध्या-अर्ध्या भागीत संच घेतात आणि लगेच त्यावरून भांडू लागतात. गिरणगावातल्या एका नळावर अनेक बिऱ्हाडे चालवलेल्या वाचकाला या भांडणाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

राल्फचा पगार आठवड्याला ६२ डॉलर. त्या काळात अमेरिकेतील कारखान्यांमधल्या कामगाराची सरासरी कमाई आठवड्याला सुमारे ७५ डॉलर होती. म्हणजे मालिकेच्या लेखकांनी आपल्या नायकाला दरिद्री दाखवलेले नाही. त्याला सरासरीच्या थोडा खाली ठेवले आहे. हा आकडा विचारपूर्वक निवडलेला दिसतो. या पगारात उपासमार होत नाही, पण काही शिल्लकही पडत नाही. वर्षानुवर्षे तीच बस, तोच रस्ता, तीच खोली. म्हणूनच राल्फच्या डोक्यात सतत काही ना काही उलाढाल चालू असते. तो दूरदर्शनवर जाहिरात करून स्वयंपाकघरातले एक बहुगुणी अवजार विकू पाहतो. प्रश्नमंजूषेत बक्षीस मिळवण्यासाठी रात्ररात्र गाणी पाठ करतो आणि ऐन वेळी पहिल्याच प्रश्नाला घसरतो. वरची जागा मिळावी म्हणून आपल्याला गोल्फ खेळता येते अशी थाप मारतो. प्रत्येक वेळी तो तोंडघशी पडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसच्या चाकामागे जाऊन बसतो.

यातला एक भाग तर अर्थशास्त्राच्या अभ्यासवर्गात सांगावा असा आहे. पैशाची अडचण आलेला राल्फ स्वतःचीच ‘कंपनी’ काढतो आणि आपल्या भावी कमाईतला हिस्सा नॉर्टनला विकतो. पुढे बसमधून नेहमी प्रवास करणारी एक श्रीमंत वृद्धा वारते आणि तिने आपली ‘फॉर्च्यून’, म्हणजे आपली दौलत, राल्फला दिल्याचे मृत्युपत्रातून कळते. भागधारक नॉर्टनही हरखून जातो. शेवटी उलगडते ते असे की ‘फॉर्च्यून’ हे त्या बाईच्या पोपटाचे नाव आहे! ज्याच्याजवळ श्रमशक्तीखेरीज विकण्यासारखे काही नाही, त्याने भांडवलदार होण्याचे स्वप्न पाहिले की त्याच्या हाती काय येते, याचे इतके चटकदार चित्रण वैचारिक ग्रंथांत सहसा सापडत नाही.

विनोद इथवर निखळ आहे. प्रश्न निर्माण होतो तो नोकरीच्या बाबतीत. २६ नोव्हेंबर १९५५ रोजी दाखवलेल्या भागात राल्फला ले-ऑफ मिळतो. घर चालवण्यासाठी अॅलिस एका कचेरीत नोकरी धरते. पण तिथे विवाहित स्त्रियांना घेत नाहीत, म्हणून तिला राल्फ आपला भाऊ असल्याचे सांगावे लागते. घरी राल्फ केर काढतो, स्वयंपाक करतो आणि आपला अपमान झाला म्हणून चरफडतो. कंपनीने एका फटक्यात माणसाला घरी बसवणे आणि लग्न झाले म्हणून बाईला नोकरी नाकारणे, असे दोन अन्याय एकाच भागात स्वच्छ दिसतात. मात्र कथा त्या दोहोंपाशी थांबत नाही. ती नवऱ्याच्या मत्सराकडे वळते आणि ले-ऑफ हा पाऊस पडावा तसा आकाशातून पडलेला प्रकार ठरतो.

घरभाड्याच्या भागातही हेच. मालक भाडे वाढवतो. राल्फ वाढ देण्यास साफ नकार देतो आणि दार अडवून बसतो. मालक घरातली ऊब आणि दिवे तोडतो, अखेर सामान रस्त्यावर येते. अॅलिसच्या अंगावर बर्फ पडू लागतो तेव्हा राल्फचा निश्चय वितळतो. तो पैसे देतो. बायकोवरच्या मायेपोटी त्याने घेतलेली ही माघार हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही. पण त्या इमारतीत इतर बिऱ्हाडेही आहेत. साऱ्या भाडेकरूंनी मिळून भाडे रोखले असते तर मालकाने काय केले असते, हा प्रश्न कथेत उभा राहू दिलेला नाही. नॉर्टनची तऱ्हा निराळी नाही. राल्फच्या सल्ल्याने तो एकटाच वरिष्ठांसमोर बढतीची मागणी घेऊन जातो आणि नोकरी गमावतो.

चॉन्सी स्ट्रीटच्या या शेजाऱ्यांना संघटना माहीतच नाही असे मात्र नाही. त्यांची एक संघटना आहे: रकून लॉज. रकून या प्राण्याच्या शेपटीच्या टोप्या घालून, गुप्त खुणांनी एकमेकांना अभिवादन करून ही मंडळी सभा भरवतात, निवडणुका लढवतात, अधिवेशनाला जातात. सभासदत्व, शिस्त, बंधुभाव, सारे काही तिथे आहे. नाही ती फक्त मागणी. कामगाराला एकत्र येण्याची जी ओढ असते ती मालिकेच्या लेखकांनी अचूक ओळखली आणि मग तिला शेपटीची टोपी घातली.

आता पडद्याबाहेरचे न्यूयॉर्क पाहावे. या शहरातील बस आणि भुयारी रेल्वेच्या कामगारांनी १९३४ साली ट्रान्सपोर्ट वर्कर्स युनियन उभी केली. तिचा पुढारी माइक क्विल हा आयर्लंडमधून आलेला स्थलांतरित. संघटना बांधण्यात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचा मोठा वाटा होता, जरी क्विलने १९४८ साली त्यांच्याशी फारकत घेतली. १९४१ मध्ये मॅनहॅटनच्या खासगी बसगाड्या संपामुळे बारा दिवस बंद होत्या. जानेवारी १९५३ मध्ये शहरातील खासगी बस कंपन्यांच्या कामगारांनी सुमारे चार आठवडे संप केला. आठवड्याला चाळीस तास काम ही त्यातली मुख्य मागणी होती. म्हणजे ‘द हनीमूनर्स’चा पहिला भाग दाखवला गेला तेव्हा न्यूयॉर्कच्या खऱ्या बसचालकांचा तो लढा अवघा पावणेतीन वर्षांपूर्वीचा होता. इतकेच नव्हे, तर मालिका चालू असतानाच, डिसेंबर १९५५ मध्ये, न्यूयॉर्क शहरातच अमेरिकेतील दोन मोठ्या कामगार महासंघांचे एकीकरण झाले. (त्यापूर्वी त्यांपैकी एका महासंघाने १९४९-५० मध्ये डाव्या नेतृत्वाखालील अकरा संघटना बाहेर काढल्या होत्या, हेही नोंदवणे भाग आहे.) यातला एवढासाही आवाज राल्फच्या खोलीत पोचत नाही.

कार्यक्रमाचा प्रायोजक होता ब्युइक, म्हणजे जनरल मोटर्सचा मोटारगाड्यांचा एक विभाग. बसचालकाची कहाणी सांगून मोटार विकायची, यातली गंमत मालिकेतल्या कोणत्याही विनोदाहून सरस आहे. जून १९५६ मध्ये अमेरिकेने महामार्गांचा प्रचंड कायदा केला आणि सार्वजनिक वाहतुकीच्या मागे पडण्याला सरकारी पैशाची जोड मिळाली. पण याहून बोचरी गोष्ट निराळीच आहे. जून १९५५ मध्ये मोटारकामगारांच्या युनियनने आधी फोर्डकडून आणि पाठोपाठ जनरल मोटर्सकडून ले-ऑफच्या काळातील पूरक भत्ता मिळवला होता. म्हणजे ज्या कंपनीच्या पैशावर राल्फ क्रॅमडन प्रेक्षकांना हसवत होता, तिच्याच कारखान्यातल्या कामगाराने ले-ऑफला उत्तर शोधले होते. पाच महिन्यांनी ले-ऑफ मिळालेल्या राल्फपुढे बायकोची नोकरी आणि एक लबाडी यांवाचून उपाय नव्हता. प्रायोजकाने युनियनचे नाव घेऊ नका असे लेखकांना बजावले असेल, असे मानण्याचे कारण नाही. त्याची गरजच पडत नाही. ज्याचे मीठ खायचे त्याला काय रुचेल हे लेखणीला आधीच ठाऊक असते.

अॅलिसविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. राल्फ रागावला की तिला ठोसा मारून चंद्रावर पाठवण्याची धमकी देतो आणि प्रेक्षक खदखदून हसतात. हात तो कधीच उगारत नाही, आणि अॅलिस रेसभरही घाबरत नाही, हे खरे; तरीही ज्या घराघरांत तो हात प्रत्यक्ष पडत होता तिथे हा विनोद कसा ऐकला गेला असेल हा प्रश्न उरतोच. दुसऱ्या बाजूने पाहता, अक्कल सगळी अॅलिसजवळ आहे. पैशाचा हिशेब ती जाणते, नवऱ्याच्या योजनांमधली भोके तिला आधी दिसतात, आणि बेकारीत घर तीच तारते. ऑड्री मेडोजने ही भूमिका ताठ मानेने आणि कमीत कमी हालचालींत केली. तिच्या वकील भावाने करारात एक कलम घालून घेतले होते: भाग पुन्हा दाखवले गेले तर तिला त्याचे पैसे मिळावेत. ट्रिक्सी झालेल्या जॉइस रँडॉल्फच्या करारात असे कलम नव्हते. तेच ३९ भाग वर्षानुवर्षे दाखवले गेले आणि एका शेजारणीला त्यांचा मोबदला मिळत राहिला, दुसरीला नाही. रँडॉल्फ जानेवारी २०२४ मध्ये वारली. चौघांपैकी ती शेवटची.

परंतु मेडोज ही पहिली अॅलिस नव्हे. १९५१ साली ग्लीसनने ड्युमाँट कंपनीच्या कार्यक्रमात या जोडप्याचे छोटे प्रवेश सुरू केले तेव्हा अॅलिस होती पर्ट केल्टन. तिची अॅलिस अधिक थकलेली, अधिक कडवट, गरिबीने खरोखर पिळलेली होती. जून १९५० मध्ये कम्युनिस्टविरोधी मंडळींनी ‘रेड चॅनेल्स’ नावाची एक पुस्तिका छापली होती. नभोवाणी व दूरदर्शनवरील १५१ जणांची नावे तीत होती. ना आरोपपत्र, ना सुनावणी, ना पुरावा. त्या यादीत केल्टनचे नाव होते. सीबीएसने तर १९५०च्या अखेरीस आपल्या नोकरांकडून निष्ठेची प्रश्नपत्रिका भरून घेतली होती. १९५२ साली ग्लीसन सीबीएसकडे गेला तेव्हा केल्टन त्याच्याबरोबर गेली नाही. जाहीर कारण सांगितले गेले ते प्रकृतीचे. हृदयाचा त्रास आहे, असे.

नोकरी जाण्याच्या भीतीवर विनोद करणाऱ्या या कार्यक्रमातील खरी नोकरी अशी गेली. राल्फला ले-ऑफ मिळाला तेव्हा निदान तसे सांगितले तरी गेले. त्याच्या पहिल्या बायकोच्या बाबतीत कारणच बदलण्यात आले. ग्लीसनचे पुतळे पुढे झाले. १९८८ साली ब्रुकलिनमधील एका बस-आगाराला त्याचे नाव देण्यात आले आणि २००० साली मॅनहॅटनच्या मोठ्या बस-स्थानकासमोर राल्फ क्रॅमडनचा, बसचालकाच्या गणवेशातला, ब्राँझचा पुतळा उभा राहिला.

केल्टनला त्या घरात परत येण्यासाठी १९६०च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ग्लीसनने क्रॅमडन जोडप्याच्या कथा संगीतमय रूपात पुन्हा सुरू केल्या होत्या आणि अॅलिसच्या भूमिकेत आता शीला मॅक्रे ही अभिनेत्री होती. केल्टनला बोलावण्यात आले ते अॅलिसच्या आईचे काम करण्यासाठी. १९६८च्या ऑक्टोबरात ती वारली.