लेकराला हाताशी घेऊन सापळा शिका



हरभऱ्याला घाटे धरले, ज्वारी पोटरीत आली, ऊस कमरेला लागला, की शिवारात एक न बोलावलेला वाटेकरी हजर होतो. त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. पण सुगीतला पहिला वाटा तोच उचलतो. तो म्हणजे उंदीर. लोहा-कंधारचे काळे रान असो, औसा-निलंग्याचे सोयाबीन असो की अर्धापूरची केळी असो, त्याचे कुठे अडत नाही. उसाची कांडी पोखरतो, भुईमुगाच्या शेंगा बिळात ओढतो, ज्वारीचे ताट पाडून कणीस कुरतडतो आणि ठिबकच्या नळ्याही फोडतो. नळीत खायला काय आहे, असे तुम्ही विचाराल. खायला काही नाही. पण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवले नाहीत तर त्याला खाताच येणार नाही. म्हणून नळी काय, दाराची फळी काय, जे सापडेल ते तो कुरतडतो.

तेव्हा या खेपेला सापळ्याविषयी बोलू. आणि सापळा शिकायचा तो एकट्याने नव्हे, घरातल्या सहा-सात वर्षांच्या लेकराला हाताशी घेऊन. लेकराला या कामात कशाला ओढायचे, असे काहींना वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

आजोबा-पणजोबांच्या काळी सापळा, पिंजरा, बिळे खणणे ही शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली कामे होती. पुढे दुकानात काळ्या भुकटीची पुडी मिळू लागली आणि सापळे माळवदावर गंजत पडले. त्यामुळे आज चाळिशीतला बाप आणि पहिलीतले पोर, दोघेही या विद्येत सारखेच नवशिके आहेत. यात कमीपणा नाही. उलट बरेच आहे, दोघांनाही एकदमच बिगरीपासून सुरुवात करता येते.

ती काळी भुकटी म्हणजे झिंक फॉस्फाईड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. उंदीर त्यानेच मरतो, आणि माणूसही त्यानेच मरतो. या विषावर नेमका उतारा नाही. डॉक्टर शर्थ करतात, पण उताऱ्याचे इंजेक्शन त्यांच्याजवळही नसते. आता आपण ही भुकटी कशात कालवतो? पिठाच्या गोळीत, भज्यात, शेंगदाण्याच्या कुटात. म्हणजे लेकराला जे आवडते त्यातच. रांगते पोर कोपऱ्यातला गोळा उचलून तोंडात घालते, तेव्हा तो कोणासाठी ठेवला होता हे त्याला कोण सांगणार? कधी असे घडलेच तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा, विषाची पुडी सोबत घ्या आणि तडक दवाखाना गाठा.

शिवाय विषाचा गुणही फार काळ टिकत नाही. ज्या उंदराने थोडेसे खाल्ले आणि जो वाचला, तो त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही. मग पुड्या वाढतात, धोका वाढतो आणि उंदीर आहेत तेवढेच राहतात. सापळ्याचे तसे नाही. सापळा नीट मांडला तर तो वर्षानुवर्षे चालतो, आणि रात्री काय साधले ते सकाळी डोळ्यांना दिसते.

पहिला धडा मात्र सापळ्याचा नाही, बघण्याचा आहे. संध्याकाळी लेकराला घेऊन बांधावरून चक्कर मारा. बिळे मोजा. प्रत्येक बिळाचे तोंड ओल्या मातीने लिंपून टाका. पोरांना चिखलाचे काम सांगावे लागत नाही! सकाळी पुन्हा जा. जी बिळे उकरून मोकळी झालेली दिसतील, तेवढ्यांतच उंदीर आहे; बाकीची रिकामी घरे. काही बिळांपुढे भुसभुशीत मातीचा ढीग असतो आणि तोंड आतून बुजवलेले असते. तो ढीग पायाने सपाट करा. सकाळी पुन्हा ढीग दिसला तर घरमालक आत आहे असे समजा. हा उंदीर मोठा साठेबाज, कणसेच्या कणसे आत नेऊन ठेवतो. जिवंत बिळाशेजारी काठी रोवून तिला चिंधी बांधायचे काम लेकराचे. वहीत तारीख आणि बिळांचा आकडा लिहायचे कामही त्याचेच. शाळेतली बेरीज-वजाबाकी बांधावर उपयोगी पडते हे त्याला असेच कळते.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी दहा वेळा बजावून सांगा: बिळात हात घालायचा नाही, बोटही घालायचे नाही. उंदराच्या बिळात नाग, घोणस मुक्कामाला असतात. पायात बूट, हातात काठी आणि अंधार पडल्यावर बॅटरी हवीच. आपल्या नांदेड जिल्ह्यात मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे सर्पदंशावरील उपचारांसाठी ओळखले जातात. सर्पदंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता वेळेत दवाखाना गाठणे, यातच जीव वाचतो.

आता सापळा. बाजारात दोन तऱ्हा मिळतात. एक चापाचा, दुसरा तारेच्या जाळीचा पिंजरा. चाप क्षणात काम करतो. पण तो लेकराच्या बोटाला आणि कोंबडीच्या पायालाही उंदीरच समजतो. म्हणून तो मोठ्यांनीच हाताळावा आणि पोराटोरांचा, कोंबड्यांचा हात-पाय पोचणार नाही अशा जागीच लावावा. शिकायला पिंजराच बरा. एकापाठोपाठ एक असे बरेच उंदीर शिरतील असाही पिंजरा मिळतो. वाड्यात, गोठ्यात, सोयाबीनच्या थप्पीपाशी तो उपयोगी पडतो.

पिंजरा मांडताना एवढे ध्यानात धरा. उंदीर उघड्यावरून पळत नाही. भिंतीच्या कडेने अंग घासत जातो. म्हणून पिंजरा भिंतीला लागून ठेवावा. रानात तो जिवंत बिळाजवळ ठेवावा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पिंजऱ्याचे दार बांधून उघडेच ठेवा आणि आत नुसते खायला टाका. भीड चेपली की मग दार लावायचे. आमिष काय? खोबऱ्याचा भाजलेला तुकडा, तेल लावलेली भाकरी, शेंगदाणे, नाहीतर सुकट. ज्या घरात धान्य उघडे पडलेले आहे तिथे पिंजऱ्यातल्या तुकड्याला कोण विचारतो? म्हणून आधी घर झाडून धान्य झाका, मग पिंजरा मांडा. एकच पिंजरा महिनाभर ठेवण्यापेक्षा चार-पाच पिंजरे चार-पाच रात्री एकदम मांडलेले चांगले. शेजाऱ्याचेही मागून आणावेत.

सकाळी पिंजऱ्यात उंदीर सापडतो आणि इथेच खरा प्रश्न उभा राहतो. लेकरू विचारते, “बाबा, ह्यो गणपतीचा उंदीर हाय. आपण मारला तर गणपती रागावंल का हो?” हसून उडवून लावावा असा हा प्रश्न नाही. सरळ उत्तर द्यावे: आपण त्याला रागाने मारत नाही, खेळ म्हणून मारत नाही. वर्षभर खायचे धान्य आणि बियाणे राखायचे आहे, म्हणून हे काम करावे लागते. पिंजऱ्यातल्या उंदराला काडीने डिवचायचे नाही, शेपटीला दोरी बांधायची नाही, दोस्तांना दाखवत फिरायचे नाही. शेवटचे काम मोठ्या माणसाने लेकरासमोर न करता, पिंजरा पाण्यात पूर्ण बुडवून उरकावे. दूर नेऊन सोडणे म्हणजे आपली पीडा दुसऱ्याच्या रानात टाकणे. ज्या पोराला सापळ्याबरोबर ही रीतही शिकायला मिळते, ते पुढे बैलाला विनाकारण पराणी टोचत नाही.

मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नका. हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून उचला, हातभर खोल खड्ड्यात पुरा आणि दोघांनीही साबणाने हात धुवा. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. हातापायाला जखम असेल तर तो लवकर शिरतो. राहिलेले आमिष टाकून द्या आणि पिंजरा धुऊन उन्हात वाळवा.

याबाबतीत आपल्या मराठवाड्याने एक मोठा धडा घेतलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्याच वर्षी, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. भूकंपाच्या धास्तीने लोकांनी घरे सोडली होती, धान्य आतच राहिले होते आणि त्यावर उंदीर माजले, असे जाणकारांनी तेव्हा मांडले. प्लेग पसरतो तो उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून दुसरे अंग शोधतात. म्हणून गावात विषाशिवाय, सापळ्याशिवाय उंदीर पटापट मरून पडू लागले तर ते झाडून टाकू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. लेकरालाही हेच शिकवा: मेलेला उंदीर दिसला की शिवायचे नाही, घरी येऊन सांगायचे.

आता हंगाम कोणता? उन्हाळ्यात, मृगाच्या आधी. रान मोकळे असते, खायला कमी असते, उंदीर बांधावर आणि घराकडे गोळा होतात. उंदरीण सुमारे तीन आठवड्यांत वितात, एका वेताला सहा-आठ पिले सहज. मे महिन्यात धरलेली एक मादी म्हणजे सुगीतले सारे गोकुळच कमी झाले म्हणायचे. पण एकट्याने आपले रान साफ केले तर शेजारच्या बांधावरून नवे बिऱ्हाड येते. म्हणून चार बांधभाऊ मिळून एकाच आठवड्यात हे काम करा. सल्ला हवा असेल तर लातूर आणि सगरोळी येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, परभणीला कृषी विद्यापीठ आहे.

जाता जाता आणखी एक. मोबाईलवर पोरे चित्रफिती बघतात. अमेरिकेतला बाप लहानग्या लेकराला घेऊन कायोटी धरायला चाप लावतो, हे पाहून आपणही कोल्ह्याला फास लावावा असे एखाद्याला वाटते. कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा तिकडचा भाऊबंदच. पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे; त्याला फास लावणे गुन्हा आहे. त्या फासात उद्या आपलेच कुत्रे, शेजाऱ्याचे करडू अडकते. आणि हिशेबाने पाहिले तर कोल्हा रात्रभर आपल्या रानात उंदीरच धरत असतो. टरबुजाला कुंपण घाला, करडे रात्री कोंडवाड्यात घ्या; पण या बिनपगारी राखणदाराला राहू द्या. गव्हाणी घुबडाचेही तसेच. त्याला अशुभ म्हणून दगड मारू नका. रानात आडवी काठी बांधलेले उंच खांब रोवा. घुबड त्यावर बसून उंदरावर नजर ठेवते. धामण दिसली तर तिलाही वाट द्या.

तर मंडळी, या रविवारी माळवदावरचा जुना पिंजरा खाली काढा, गंज घासा, लेकराच्या हाती वही-पेन्सिल द्या आणि बांधावर चला. पहिल्या रात्री काही सापडले नाही तर नाउमेद होऊ नका. नवशिक्याला दोन-चार रात्री लागतातच. आणि दुकानातून आणलेली ती काळी पुडी घरात उरली असेल, तर ती आजच लेकराच्या हाताला लागणार नाही अशा कुलुपात ठेवा. पिंजरा उद्या मांडला तरी चालेल.