हमीपत्र नको, मनाई हुकूम द्या

मराठवाड्यातील जिल्हाधिकारी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आणि बालविवाह प्रतिबंध अधिकारी असलेले ग्रामसेवक यांस,

दसरा झाला की बीडकडच्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्याला. अठरा न भरलेल्या मुलीचं लग्न घाईने उरकण्यामागे हा हिशेब आहे, आणि सहा महिने आपण फडावर असताना पोरीला कोणाच्या भरवशावर ठेवायचं, ही आई-बापांची धास्तीही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचं प्रमाण २२ च्या आसपास होतं.

मुलांसाठीच्या १०९८ या मदतवाहिनीवर फोन जातो. ग्रामसेवक, अंगणवाडीताई, पोलीस मांडवात पोचतात. आई-बाप हमीपत्र लिहून देतात आणि दुसऱ्या दिवशी 'बालविवाह रोखला' अशी बातमी छापून येते. मग काही दिवसांनी नात्यातल्या कोणाच्या तरी गावी, रात्रीतून, चार माणसांत तेच लग्न लागतं. हमीपत्र मोडलं म्हणून ते लग्न काही रद्द होत नाही. आपल्या राज्यात बालविवाह आपोआप शून्य ठरत नाही; तो रद्द करून घ्यायला त्या मुलीलाच न्यायालयात जावं लागतं, तेही विसाव्या वर्षाच्या आत. सासरी अडकलेली, कडेवर मूल असलेली पोर वकील कुठून आणणार?

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ मध्ये याला उत्तर आहे आणि ते आपल्याच हातात आहे. कलम १३ प्रमाणे न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाई हुकूम देऊ शकतात. अर्ज ग्रामसेवकाने करावा, एखाद्या संस्थेने करावा किंवा खात्रीची माहिती असलेल्या कोणीही करावा. न्यायालय स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. निकड असेल तर समोरच्याला नोटीस न देता अंतरिम हुकूम निघतो. तो मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाईला मात्र कैद होत नाही, त्यामुळे आईला तुरुंगात टाकायचं का, हा संकोच नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम १४: हुकूम असताना लागलेलं लग्न सुरुवातीपासूनच शून्य. ते गाव बदलून लावलं, जिल्हा बदलून लावलं, तरी शून्यच.

हा हुकूम फक्त बापाच्या नावे काढू नका. कायदा 'कोणत्याही व्यक्ती'विरुद्ध हुकूम देऊ देतो. पुरावा असेल तिथे जोडी लावून देणारा मुकादम आणि पैसे देऊन मुलगी परराज्यात नेणारा दलाल यांचीही नावं त्यात यावीत. लग्नासाठी मुलगी विकली गेली असेल, तर कलम १२ ते लग्न मुळातच शून्य मानतं. अशा माणसांवर गुन्हा शाबीत व्हायला वर्षं जातात. तोवर मुलीला वाचवायचं कसं, हा प्रश्न इतरत्रही पडला आहे. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये, लग्नाच्या नव्हे तर लैंगिक शोषणाच्या एका प्रकरणात, फौजदारी खटल्यापुरता पुरावा नव्हता. तिथल्या महापालिकेने उच्च न्यायालयाच्या कुटुंब विभागाकडून दहा पुरुषांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला आणि त्यांना एका १७ वर्षांच्या मुलीजवळ फिरकायला बंदी झाली. आपल्याकडे तर यासाठी स्वतंत्र कलमच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दंडाधिकाऱ्यांनी असे हुकूम स्वतःहून द्यावेत, यावर भर दिला.

हुकूम देऊन मुलगी त्याच घरी सोडली, तर तिच्यावरचा दाब तसाच राहील, हे मला ठाऊक आहे. म्हणून अर्जासोबतच तिला बाल कल्याण समितीपुढे न्या. लग्नाचा धोका असलेलं मूल हे बाल न्याय कायद्याप्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं मंजूर आहेत. गाड्या निघण्याआधी तिथली जागा तिच्या नावावर पडली पाहिजे.

जिल्हाधिकारी साहेब, अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी कायदा आपल्यालाच प्रतिबंध अधिकारी मानतो. यंदा हंगामाआधी ग्रामसेवकांची बैठक घ्या, कलम १३ च्या अर्जाचा छापील नमुना प्रत्येकाच्या हातात द्या, आणि महिन्याच्या अहवालात किती लग्नं रोखली याच्या शेजारी किती मनाई हुकूम मिळवले हाही रकाना घाला.