शितावरून भात कळतो, शेत नाही

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत एका गावाहून बावीस पिशव्या आल्या. बावीस चिठ्ठ्या, बावीस वेगळे गट नंबर. माती वाळत घालायला एकेक पिशवी कागदावर रिकामी करत गेले आणि सातव्या पिशवीपाशी माझा हात थांबला. तोच तांबूस रंग, तेच मुरमाचे बारीक खडे, कडुनिंबाची तीच वाळकी पानं. त्या गावचं शिवार माझ्या पाहण्यातलं होतं. नदीकडची जमीन काळीभोर, पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेणारी. वरचा माळ तेवढा तांबूस. बावीसच्या बावीस शेतं माळावर असणं शक्यच नव्हतं. कुणीतरी रस्त्याकडेच्या एकाच झाडाखाली बसून सगळ्या पिशव्या भरल्या होत्या.

मी तशी नोंद केली आणि पिशव्या परत पाठवायचं ठरवलं. वरून निरोप आला: महिनाअखेर आहे, उद्दिष्ट पूर्ण व्हायचंय, तपासून टाका. तपासल्या. बावीस अहवाल छापून गेले. त्यांतला एकही आकडा खोटा नव्हता, माझ्या सहकाऱ्यांनी प्रत्येक रीडिंग इमानाने घेतलं होतं. पण ते सगळे आकडे त्या कडुनिंबाखालच्या मातीचे होते आणि त्यावर बावीस घरं खत विकत घेणार होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी त्या अहवालांवरची माझी सही मला अजून टोचते.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. शेताचं तसं नसतं. बांधाकडेला वेगळी माती, आंब्याखाली वेगळी. गेल्या वर्षी शेणखताच्या गाड्या जिथे रिकाम्या केल्या तिथला कस निराळा, पाणी तुंबतं त्या खोलगटातला निराळा. एका एकरातला वरचा 15 सेंटिमीटरचा थर धरला तर ती माती साधारण नऊ लाख किलो भरते. सेंद्रिय कर्ब तपासताना आम्ही त्यातली घेतो एक ग्रॅम. नव्वद कोटी ग्रॅमांच्या वतीने हा एक ग्रॅम बोलणार असतो.

त्या एका ग्रॅमसाठी प्रयोगशाळेत काय काळजी घेतात ते बघायला कधीतरी जरूर या. 1934 सालची वॉक्ली आणि ब्लॅक यांची पद्धत आजही चालते. मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालायचं, शंकुपात्र हाताला चटका बसेल इतकं तापतं. अर्धा तास थांबून ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंबथेंब सोडायचं. निळसर जांभळं द्रावण शेवटच्या एका थेंबाला एकदम हिरवं होतं, तिथे नळी बंद. एक थेंब जास्त पडला तर मी नवख्या मुलांना सगळं पुन्हा करायला लावायचे. थेंबाचा इतका काटेकोर हिशेब ठेवणारे आम्ही, पण पिशवी कुणी भरली, शेतात कुठे खणलं, किती खोल खणलं, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

याच नोकरीत एक वयस्क शेतकरीही भेटले. एप्रिलच्या उन्हात दोन पिशव्या घेऊन आले होते. शेत एकच, मग पिशव्या दोन कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, "मॅडम, अर्धं रान चढाचं हाय, अर्धं उताराचं. दोन्हीकडं कापूस एकसारखा येत न्हाई, मग माती एकत्र कशी करू?" हरभरा निघाल्यावर, नांगरट करण्याआधी त्यांनी नमुना घेतला होता. रानात नागमोडी चालत प्रत्येक भागात बारा ठिकाणी पालापाचोळा सारला, इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा केला आणि खड्ड्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून तळापर्यंत तासून घेतली. बांध, झाडं, विहीर आणि खताच्या ढिगाची जागा सोडून दिली. सगळी माती जुन्या लुगड्याच्या धडप्यावर कालवली, तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले पुन्हा कालवले, असं करत अर्धा किलोवर आणलं. सावलीत वाळवून धुतलेल्या कापडी पिशवीत भरलं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली, कारण ओल लागली तरी ती पुसत नाही. मला वाटतं, त्या दिवशी आमच्या इमारतीतलं सर्वांत अचूक विश्लेषण त्यांनी आधीच शेतात करून आणलं होतं.

घाईत काय बिघडतं तेही सांगते. युरियाच्या रिकाम्या गोणीत माती आणली तर नत्राचा आकडा त्या गोणीचाच येतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत ती कालवली तर जस्त वाढतं. मातीत जस्ताची कमतरता ठरवण्याची मर्यादा दहा लाख भागांत 0.6 भाग इतकी नाजूक आहे. बादलीचा एवढासा खरवडा आत गेला की उपाशी जमीन कागदावर पोटभर जेवलेली दिसते. ओली माती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर ठेवली तर जिवाणू आपलं काम चालू ठेवतात आणि नत्राचं रूप बदलून जातं. चुकतो ते फक्त शेतकरी, असं मुळीच नाही. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. ते चाळून वेगळे काढण्याऐवजी ढेकळांसोबत कुटले की चुन्याचं प्रमाण भलतंच दिसतं. लाकडी हातोडी बाजूला ठेवून लोखंडी खलबत्ता हाती घेतला की लोह वाढतं. पावसाळ्यात दमट माती घाईने भट्टीत वाळवणारे हात मी पाहिले आहेत आणि त्याने पालाशाचा आकडा हलतो हे त्या हातांना माहीत होतं.

19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानातल्या सुरतगड इथून मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. बारा घटकांची तपासणी करून प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती पत्रिका द्यायची, हा विचार मला तेव्हाही मोलाचा वाटला, आजही वाटतो. पण नमुना घेण्यासाठी जमिनीचे चौकोन आखले गेले: बागायतीत अडीच हेक्टरांचा एक, कोरडवाहूत दहा हेक्टरांचा एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. मराठवाड्यात तेवढ्यात कितीतरी सातबारे येतात, कुणाचा माळ, कुणाची पोयट्याची जमीन. एका नमुन्याचा आकडा त्या सगळ्यांच्या पत्रिकांवर छापला तर ती त्या टापूची माहिती झाली. कुणा एकाच्या शेताला किती बॅगा खत घालायचं, ते तिच्यावरून ठरवू नये आणि पत्रिकेवर तसं ठळक लिहिलेलं असावं.

फ्रान्सचे पिएर जी यांनी खनिजांच्या नमुन्यांवर आयुष्य घालवलं आणि नमुना घेण्याचं अख्खं शास्त्र उभं केलं. ढिगातल्या प्रत्येक कणाला नमुन्यात येण्याची सारखी संधी मिळाली पाहिजे, हा त्यांचा पाया. कडुनिंबाखाली भरलेल्या पिशव्यांत नदीकाठच्या कणाला ती संधीच नव्हती. नवं महागडं यंत्र बसवून ती चूक निघत नाही, यंत्र फार तर तीच चूक आणखी दोन दशांश स्थळांपर्यंत मोजून देतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पिशव्यांची उद्दिष्टं बंद करावीत. माती गोळा करणाऱ्याला प्रयोगशाळेतल्या माणसाइतकंच प्रशिक्षण आणि दाम मिळायला हवा. संशयास्पद पिशवी परत पाठवण्याचा लेखी अधिकार प्रयोगशाळेला हवा, तो असता तर त्या मे महिन्यात माझी सही झाली नसती. आणि प्रत्येक अहवालावर नमुना कुणी, कधी, किती खड्ड्यांतून, किती खोलीवरून घेतला, हे छापलं पाहिजे. रक्ताच्या अहवालावर उपाशीपोटी की जेवल्यावर हे लिहितातच ना?

सरकार हे करील तेव्हा करील. शेतकरी दादा-ताईंना मात्र माझी विनंती आहे. यंदा रब्बी निघून रान मोकळं झालं की सालगड्याला पाठवू नका, स्वतः जा. डाळिंब किंवा मोसंबी लावायची असेल तर मीटरभर खोल खड्डा घेऊन दर फुटाची माती वेगळी आणा. खत टाकून तीन महिने झाले नसतील तर थांबा. एका शेताला एक सकाळ पुरते. आणि प्रयोगशाळेत पिशवी देताना चिठ्ठीवर पेन्सिलीने खड्ड्यांची संख्याही लिहा, कुणी विचारलं नाही तरी लिहा.