बसलेल्यांचा खेळ

"मैदानात नऊ जणी. त्यातल्या आठ बसलेल्या. मग खेळ कुणाचा?"

सरांनी पहिल्याच दिवशी हे विचारलं होतं. आम्ही एका सुरात सांगितलं, पळणारीचा. सर काही बोलले नाहीत. त्यांनी आम्हाला पाटीवर बसवलं आणि पंधरा दिवस धावूच दिलं नाही.

ही १९८६ सालची गोष्ट. तेव्हाच्या औरंगाबादच्या औरंगपुऱ्यातली आमची शाळा, मी आठवीत. सर भूगोल शिकवायचे, पीटीचे तासही त्यांच्याकडेच, आणि शाळा सुटल्यावर मुलींचा खो-खो. जूनमध्ये वह्या-पुस्तकं घ्यायला औरंगपुऱ्यात तोबा गर्दी होते. परवा त्या गर्दीतून वाट काढताना जुनी शाळा दिसली आणि पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर फक्कीचा वास. सर स्वतः वाकून फक्की मारायचे. रेघ वाकडी गेली तर पायानं पुसून पुन्हा काढायचे.

बसायचं म्हणजे मांडी घालून नव्हे. टाचा उचललेल्या, वजन चवड्यांवर, बोटांची टोकं जमिनीला टेकलेली. एकीचं तोंड रस्त्याकडे, तर शेजारणीचं शाळेच्या भिंतीकडे. सराव चालू असताना सगळ्यांचे डोळे धावणारीवर असत. सर मात्र आमच्या पाठीमागून सावकाश फिरत. "टाच टेकली गं," एवढंच कानावर यायचं.

त्याचं कारण पुढे उमगलं. पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही आणि दोन खांबांच्या मधून पाटी ओलांडताही येत नाही. समोरची गडी चपळाईनं पलीकडे गेली की हिची वाट संपली. आता त्या बाजूला तोंड करून बसलेलीच तिला पकडू शकते. पण खो मिळण्याआधी ती उठली तर फाऊल, आणि मिळाल्यावर पापणी लवण्याइतका उशीर केला तर गडी हातची गेली. म्हणजे अंगात सगळी धाव गोळा करून ठेवायची आणि हलायचं मात्र नाही. तेरा वर्षांच्या मुलीला याहून अवघड काय सांगणार?

भूगोलही सर असाच शिकवायचे. एकदा त्यांनी पाटीवरच्या आठ जणींना आठ गावं वाटून दिली. त्र्यंबकेश्वर, नाशिक, कोपरगाव, पैठण, गंगाखेड, नांदेड, भद्राचलम, राजमहेंद्री. नववी म्हणजे पाणी. एकीनं दुसरीला खो द्यायचा आणि देताना पुढच्या गावाचं नाव घ्यायचं. मी पैठण होते. पुढे कितीतरी वर्षं जायकवाडीचं नाव निघालं की माझ्या पाठीवर कोपरगावचा हात पडल्यासारखा वाटे. गोदावरीचा क्रम मी कधी पाठ केला नाही आणि कधी विसरलेही नाही.

पीटीचा तास त्यांनी कुठल्याही विषयाला उसना दिला नाही. आज हा तास किती सहज गणिताच्या, विज्ञानाच्या ताब्यात जातो, हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं. ज्या मुलीच्या वाट्याला घरी अंगणही नाही, तिचं आठवड्यातलं तेवढंच मैदान असतं.

मुलींचा संघ उभा करणं तेव्हा सोपं नव्हतं. सर प्रत्येकीच्या घरी गेले, बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सोबत घेऊन. हाफ पँट घालून मुलगी मैदानात उतरणार हे माझ्या आईला रुचलं नव्हतं. गुडघे फुटतील, अंधार पडेल, लोक बोलतील. सरांनी चहा घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, रोज मी स्वतः घरी आणून सोडीन."

आणि सोडलं. तीन वर्षं. हातात सायकल धरून ते चालायचे आणि आम्ही मुली त्यांच्याभोवती. भाजी मंडई ओलांडून आधी गुलमंडी, मग कुंभारवाडा, तिथून परत फिरून खडकेश्वर आणि सगळ्यात शेवटी समर्थनगरात मी. दार उघडून आईचा चेहरा दिसेपर्यंत ते सायकलवर टांग टाकत नसत. त्या चालण्यात आमची सगळी भांडणं मिटली, दोघींची फीची अडचण सरांना कळली आणि एकीचं दहावीतच ठरत आलेलं लग्न त्यांनी तिच्या वडिलांशी बोलून थांबवलं.

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिन तेंडुलकरनं रमाकांत आचरेकर सरांची स्कूटर आठवली होती. एका मैदानावरचा सामना संपला की सर त्याला स्कूटरवरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. इतक्या विक्रमांच्या माणसाला त्या क्षणी स्कूटर आठवावी, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

धाराशिवच्या सारिका काळेची गोष्ट तर आपल्या मराठवाड्याचीच. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाची ती कर्णधार. आई शिवणकाम करायची आणि कित्येक वर्षं हिनं एका वेळच्या जेवणावर सराव केला. पैशांच्या ओढाताणीनं थकून त्याच वर्षी तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. तिला समजावून मैदानावर परत आणण्यात तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांचा वाटा मोठा. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुरस्काराचा फोटो सगळ्यांनी पाहिला. मला मात्र समजावण्याची ती संध्याकाळ पाहायला हवी होती.

आमच्या खात्यावर असं काही मोठं यश नाही. दहावीत असताना सरस्वती भुवनच्या मैदानावर आंतरशालेय अंतिम सामना होता. शेवटचं मिनिट. गडी माझ्या समोरून, अगदी हाताच्या अंतरावरून गेली आणि खो मिळण्याआधीच मी उठले. शिटी वाजली, पाठलाग मोडला, गडी निसटली. एका गुणानं हरलो. त्या दिवशी घरी जाताना कुणी कुणाशी बोललं नाही. समर्थनगरात फाटकाशी आल्यावर सर म्हणाले, "तुला ती गडी दिसली म्हणून तू उठलीस. दिसणं बरोबर होतं, लेकरा. जेवून झोप."

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, नेपाळला ७८-४० असं हरवून. कर्णधार बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे. टीव्हीवर कॅमेरा धावणारीमागे पळत होता आणि मी पडद्याच्या कडेला बसलेल्या मुलींच्या टाचा शोधत होते.

हा सामना पाहायला सर नव्हते. २०११ साली ते गेले. आम्ही चौघी बाईंना भेटायला गेलो. घर सिडकोत, दोन खोल्यांचं. शाळेत असताना त्यांच्या घरी जायची वेळच कधी आली नव्हती. बाईंनी आम्हाला नावानिशी ओळखलं. "तुम्हाला सोडून यायला नऊ वाजायचे यांना," त्या म्हणाल्या. "मी भाजी दोनदा गरम करायची." समर्थनगर, मग क्रांती चौक, मग जालना रोडनं थेट सिडको, दिवसभराच्या शाळेनंतर, सायकलवर. तीन वर्षांत आमच्यापैकी एकीनंही विचारलं नव्हतं, सर, तुम्ही कुठं राहता?

बाहेर पडलो तेव्हा अंधार झाला होता. रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, आधी कुठं? चौघी एकदम म्हणालो, "गुलमंडी."

गुलमंडीत आता आमच्यापैकी कुणीच राहत नाही.