आमवात, आतडे आणि अभिमान

आमवाताचे मूळ आतड्यात असू शकते, असे पाश्चात्त्य विज्ञान आता म्हणू लागले आहे. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना नव्या रुग्णांच्या आतड्यात ‘प्रिव्होटेला कोप्री’ हा जीवाणू अधिक प्रमाणात आढळला. मंदाग्नी आणि आमातून हा विकार उद्भवतो, हे माधवनिदानाने शेकडो वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवले! मात्र या अभिमानाने धाराशिवकडच्या एखाद्या आजीची आखडलेली बोटे भाकरी थापू लागत नाहीत. प्रोबायोटिकचा लाभ चाचण्यांत अद्याप अल्प व अनिश्चितच दिसला आहे. शिवाय (हे सोयीस्करपणे विसरले जाते) आमवातात दही वर्ज्य सांगणारे ग्रंथही आपलेच. मेथोट्रेक्सेट सोडून केवळ ताकावर विसंबणे म्हणजे सांधे कायमचे वाकण्याला निमंत्रण. धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाने संधिवाततज्ज्ञांना सोबत घेऊन याची शास्त्रशुद्ध चाचणी हाती घ्यावी.