शेवटचा धडा आणि शेजारची वेधशाळा : आयुकाच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
माननीय संचालक,
आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र (आयुका), पुणे

विषय : यवतमाळ जिल्ह्यातील विज्ञानशिक्षकांशी कायमचा संबंध जोडण्याबाबत

माननीय महोदय,

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. अणुऊर्जा विभागाच्या पुढाकाराने होणाऱ्या या प्रकल्पात आयुका ही एक प्रमुख सहभागी संस्था आहे. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत अखेर एकरूप होतात, तेव्हा अवकाशकालात जे तरंग उठतात त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. त्या टिपण्यासाठी काटकोनात मांडलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसर किरण सोडले जातात आणि त्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक पडला तरी तो ओळखावा लागतो. पुसद आणि उमरखेड या तालुक्यांतून पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा लागतो, म्हणजे जगातील अत्यंत नाजूक मापनयंत्रांपैकी एक यवतमाळ जिल्ह्याच्या शेजारी येत आहे. परंतु या जिल्ह्यातील मुले त्या वेधशाळेच्या दारातून कोणत्या नात्याने आत जाणार, याचा विचार अद्याप पुरेसा झालेला दिसत नाही, आणि हे पत्र त्याच कारणाने लिहिले जात आहे.

शालेय शिक्षणात खगोलशास्त्राला जागा नाही असे म्हणता येणार नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत सातवीला तारकांच्या दुनियेवर, आठवीला ताऱ्यांच्या जीवनयात्रेवर आणि नववीला दुर्बिणींवर स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र ही तिन्ही प्रकरणे आपापल्या पुस्तकात शेवटी येतात, आणि पुस्तकातील शेवटचे प्रकरण म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत उरकले जाणारे प्रकरण, हे कोणताही शिक्षक सांगेल. दोष शिक्षकाचा नाही. ज्याला स्वतःला कधी कोणी दुर्बिणीतून शनीची कडी दाखवली नाहीत, ज्याने पदवीला रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेतले होते आणि ज्याच्याकडे विज्ञानाबरोबर गणिताचे तासही आहेत, त्याने ताऱ्याच्या गाभ्यातील दाब आणि गुरुत्वाकर्षण यांचा समतोल मुलांना समजावून द्यावा, ही अपेक्षा त्याला काहीही न पुरवता केली जाते.

या उणिवेची किंमत 2 एप्रिल 2022 रोजी संपूर्ण विदर्भाला दिसली. गुढीपाडव्याच्या त्या संध्याकाळी आकाशातून जळते तुकडे रांगेने सरकताना हजारो लोकांनी पाहिले, चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे येऊन पडले, आणि उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे नाना तर्क रात्रभर मोबाइलवर फिरत राहिले. ते एका चिनी अग्निबाणाचे वातावरणात परतलेले अवशेष असल्याचे तज्ज्ञांनी नंतर सांगितले. उल्का बहुधा काही क्षणांत विझते, तर कक्षेतून खाली येणारे अवशेष तुलनेने संथ गतीने, जवळजवळ आडवे आणि बराच वेळ दिसत राहतात. एवढा एक फरक माहीत असलेला शिक्षक गावात असता, तर शाळा पुन्हा भरताच त्याच्या वर्गात त्या वर्षातील सर्वोत्तम तास झाला असता.

साधनांची अडचण मोठी आहे, तरी ती सर्वस्वी अडवणारी नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. विषुवदिनी, म्हणजे दिवस आणि रात्र जवळजवळ समान असतात त्या दिवशी, 1 मीटर उंचीची काठी सपाट जमिनीवर सरळ उभी केली आणि सूर्य सर्वाधिक उंचीवर असताना तिची सावली मोजली, तर यवतमाळला ती सुमारे 37 सेंटिमीटर आणि पुण्याला सुमारे साडेतेहतीस सेंटिमीटर भरते. साडेतीन सेंटिमीटरांचा हा फरक शाळेतील पट्टीने मोजता येतो, त्यातून दोन गावांच्या अक्षांशांतील सुमारे 1.9 अंशांचा फरक निघतो, आणि दोन्ही गावांमधील दक्षिणोत्तर अंतर, जे सुमारे 210 किलोमीटर आहे, नकाशावरून घेतले की पृथ्वीचा परीघ 40 हजार किलोमीटरच्या आसपास येतो. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट हाती लागते : यवतमाळची सर्वांत आखूड सावली पुण्याच्या सुमारे 17 मिनिटे आधी पडते, कारण पृथ्वीला एक अंश फिरण्यास 4 मिनिटे लागतात आणि दोन्ही गावांच्या रेखांशांत सव्वाचार अंशांचे अंतर आहे. यासाठी एक काठी, एक पट्टी आणि दूरध्वनीवर बोलणारे दोन शिक्षक पुरेसे आहेत; दुसऱ्या टोकाचा तो शिक्षक मिळवून देणे मात्र आयुकासारख्या संस्थेलाच सहज शक्य आहे.

येथे स्थानिक परिस्थितीचा विचार किती आवश्यक आहे, हेही सांगितले पाहिजे. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच नाहीशी होते तो दिवस, शालेय उपक्रम म्हणून सर्वत्र सुचवला जातो. परंतु यवतमाळला तो मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, शाळा बंद असताना येतो आणि दुसऱ्यांदा जुलैच्या उत्तरार्धात, आकाश ढगांनी भरलेले असताना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या जिल्ह्यातील निरभ्र रात्रींचा काळ आहे, आणि उपक्रमांची आखणी त्यानुसार व्हावी.

आकाशाची ओळख या जिल्ह्याला बाहेरून करून द्यावी लागेल असेही नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी मध्य भारतातील गोंड, कोलाम आणि बंजारा समाजांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास करून तो शोधनिबंधांच्या रूपाने प्रसिद्ध केला आहे. सप्तर्षींतील चार ताऱ्यांची चौकट ही म्हातारीची बाज आणि मागचे तीन तारे ती पळवू पाहणारे चोर, ही त्यांनी नोंदवलेली गोंडांची कल्पना होय. झरी जामणी, मारेगाव आणि केळापूर या तालुक्यांत कोलाम आणि गोंड वस्त्या आहेत, पुसदच्या परिसरात बंजारा तांडे आहेत; तेथील आश्रमशाळेतील शिक्षकाने मुलांना त्यांच्या घरची ही कथा आधी विचारून मग ध्रुवतारा शोधायला लावला, तर खगोलशास्त्र परके वाटण्याचे कारण उरत नाही. हा अभ्यास इंग्रजी नियतकालिकांत आहे. तो मराठीत, शिक्षकाच्या हाती पडेल अशा रूपात येणे हे एक तातडीचे काम आहे.

आता व्यवसायाविषयी. खगोलशास्त्रज्ञ रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसतो, असे चित्र मुलांच्या आणि पालकांच्या मनात असते, आणि ते दुरुस्त करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीवर, म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांच्या संचावर, निरीक्षणाचा वेळ मिळवण्यासाठी आधी सविस्तर प्रस्ताव लिहावा लागतो, तो तज्ज्ञांकडून तपासला जातो, वेळ मिळालाच तर काही तासांचा मिळतो आणि त्या तासांत जमलेल्या आकड्यांतील गोंगाट दूर करण्यात महिने जातात. आयुका आणि पुण्याची आयसर यांच्या संशोधकांनी 2017 मध्ये जाहीर केलेला सरस्वती हा सुमारे 4 अब्ज प्रकाशवर्षे दूरचा दीर्घिकांचा महासमूह सर्वांना खुल्या असलेल्या स्लोन आकाश सर्वेक्षणाच्या माहितीतून हाती आला. या कामाला लागतो तो संगणक, संख्याशास्त्र, इंग्रजीत नेमके लिहिण्याचा सराव आणि फार मोठा धीर. आयुकाचे संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी 1990च्या दशकाच्या आरंभीच गोंगाटातून गुरुत्वीय लहरींचा संकेत वेगळा काढण्याच्या गणिती पद्धती रचत होते, आणि पहिली लहर प्रत्यक्ष टिपली गेली ती 14 सप्टेंबर 2015 रोजी.

असा धीर एखाद्या कोरडवाहू कापसाच्या घराने कशाच्या बळावर धरावा, हा प्रश्न टाळता येणार नाही. पदव्युत्तर शिक्षणानंतर पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे, त्यानंतर देशात किंवा परदेशात मुदतीच्या नेमणुकांवर आणखी काही वर्षे, आणि शेवटी संपूर्ण देशात मोजक्याच असणाऱ्या कायम जागांसाठी स्पर्धा, असा हा मार्ग आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी 2023 पासून दरमहा 37 हजार रुपये झाली, हे स्वागतार्ह आहे. परंतु बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावे लागले, हेही याच राज्यातील वास्तव आहे. पालक मुलाला विज्ञानाऐवजी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसवतो, तेव्हा तो अडाणीपणाने वागत नसतो. त्याच्यापुढे जी माहिती आहे तिच्या आधारे तो योग्यच हिशेब करीत असतो.

म्हणून मुलांना केवळ स्वप्ने दाखवणारी व्याख्याने या जिल्ह्यात नकोत. मार्ग किती लांब आहे, कोणत्या टप्प्यावर किती पैसे मिळतात, कोठे अडखळायला होते आणि मध्येच बाहेर पडलेल्यांना शिकलेल्या संगणकविद्येचा कोठे उपयोग होतो, हे सर्व स्वच्छ मराठीत सांगणारी पुस्तिका आयुकाने काढावी. लायगो-इंडियाच्या 8 किलोमीटर निर्वात नळ्या, लेसर, विद्युत् आणि संगणक यंत्रणा चालवण्यासाठी केवळ शास्त्रज्ञ पुरणार नाहीत, कुशल तंत्रज्ञही लागतील. यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनातील आणि आयटीआयमधील मुलांनी त्यासाठी काय शिकावे, हे त्यांना आजच सांगितले गेले तर उद्या शेजारच्या वेधशाळेत त्यांची दखल घेतली जाईल.

शिक्षकांशी संबंध कसा ठेवावा, याचा अनुभव देशाजवळ आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 1970च्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण शाळांसोबत काम केले. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम 1972 मध्ये 16 शाळांतून सुरू झाला आणि 2002 मध्ये शासनाने तो बंद करेपर्यंत टिकला. त्याचे बळ उन्हाळी शिबिरांइतकेच शिक्षकांच्या मासिक बैठकांत होते, कारण वर्गात फसलेला प्रयोग पुढच्याच महिन्यात दुसऱ्या शिक्षकासमोर मांडता येत असे. एका दिवसाच्या कार्यशाळेला हे साधत नाही.

डॉ. जयंत नारळीकरांनी सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवण्यास सांगितले आणि त्या प्रश्नांना उत्तरे दिली, हा आयुकाचा वारसा आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनी, 28 फेब्रुवारीला, पुण्यात विज्ञानप्रेमींची गर्दी होते, पण झरी जामणीच्या शिक्षकासाठी ती रात्रभराच्या ट्रॅव्हल्सच्या प्रवासापलीकडची गोष्ट आहे. तेव्हा आयुकाने जिल्हा परिषद आणि आदिवासी विकास विभाग यांच्याशी बोलून पुसद, यवतमाळ आणि पांढरकवडा येथे शिक्षकांची मासिक बैठक सुरू करावी, तिच्यासाठी एक मराठी बोलणारा संशोधक किमान पाच वर्षे नेमून द्यावा, शिक्षकांच्या प्रश्नांना लेखी उत्तर देण्याची व्यवस्था करावी आणि पहिली बैठक येत्या नोव्हेंबरात, आकाश निरभ्र होताच घ्यावी, ही आग्रहाची विनंती.