कॅमेऱ्याला परवानगी, मग कॅनव्हासला?

चिखलीतल्या आमच्या रूमवर सगळ्यांचा एकच समज: इन्कॉग्निटो उघडलं की आपण गायब! कसलं काय. साइट ब्राउझरच्या कॅनव्हासवर न दिसणारी एखादी ओळ रंगवते. कॉन्टेक्स्टच्या ‘कॅनव्हास’ प्रॉपर्टीतून तो कॅनव्हास कोडच्या हाती येतो, आणि ‘टूडेटायूआरएल’ने त्यावरचं चित्र उचलता येतं. ग्राफिक्स कार्ड, फॉन्ट यांनुसार त्याचे पिक्सेल किंचित बदलतात. झाला तुमच्या मशीनचा ठसा! कुकीज पुसल्या तरी तो राहतो. २०१४च्या एका अभ्यासात आघाडीच्या एक लाख साइट्सपैकी ५ टक्क्यांहून जास्त साइट्सवर हा प्रकार सापडला होता. टॉर ब्राउझर आधी विचारतो. कॅमेऱ्यासाठी परवानगी मागणारं क्रोम इथे मात्र गप्प. चित्र खुशाल काढा हो, पण उचलण्याआधी विचारा ना!